तेजोवीर, भाग दोन

सर, माझ्या लेकीला शाळेच्या गॅदरिंगमध्ये खलनायिकेचं काम मिळालंय. हे तुम्हाला ऐकवावं म्हणून लिहायला बसले, आणि तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली हे बसल्यावर आठवलं. तसं ते माहीत होतंच की. पण राग आला की समोरचा जिवंत आहे का मेलेला, हे कोण बघत बसतं? परवा संध्याकाळी पोरगी शाळेतून आली, दप्तर कॉटवर फेकलं, बूटसुद्धा काढले नाहीत, आणि दारातूनच ओरडली, "आई, मी व्हिलन!" माझे हात कणकेत होते. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. रंग तिनं माझाच घेतलाय, सर. बापाचा घेतला असता तर जरा उजळ झाली असती, असं तिच्या बारशापासून माझी सासू म्हणत आलीय. मला वाटलं, झालं. पुन्हा एका शहाण्यानं एका काळ्या पोरीकडे बोट दाखवलं. आता हिच्या कपाळालाही ते नाव चिकटणार आणि जन्मभर निघणार नाही. ती आनंदानं उड्या मारत होती आणि मी कणीक तिंबत होते, इतकी तिंबली की त्या दिवशी पोळ्या वातड झाल्या.

माझं नाव तुम्हाला आठवणार नाही, आणि मी ते सांगणारही नाही. अंधारराणी म्हटलं की लगेच आठवेल. तिसगावच्या बाजाराला जाणाऱ्या जीपगाड्या जिथं भरायच्या ते आमचं गाव, आणि तिथल्या हायस्कूलवर संस्थेनं तुम्हाला आणून टाकलेलं. मराठी शिकवायचात, बोलणं पुण्याचं, शर्ट खोचलेला, आणि नाटकाचं भयंकर वेड. त्या वेळी टीव्हीवर उडणाऱ्या हिरोंचं पोरांना नुसतं याड लागलेलं. तुम्ही म्हणालात, आपण आपला बनवू. तेजोवीर! पहिल्या वर्षी तुमच्या तेजोवीरानं दारू, गुटखा आणि अंधश्रद्धा या तिघांना एकाच झटक्यात लोळवलं. कुणाच्या तरी सत्कारातली लाल शाल पाठीवर बांधून तो बाकावर आडवा पडायचा आणि चार पोरं तो बाक खांद्यावर घेऊन स्टेजवरून पळायची. हे त्याचं उडणं. गाव खूष. पण त्या वर्षीचे गुटखा आणि दारू कोण झाले होते, हे गावात आज कुणालाच सांगता येणार नाही. पुढच्या वर्षी दिवाळी झाली तशी माणसं तुम्हाला पारावर अडवून विचारायला लागली, "सर, औंदा फुडचा भाग हुंद्या की."

त्या सालात लोडशेडिंगनं गाव पिसाळलं होतं. दिवसा लाईट नाही, आली तर विहिरीवर मोटर चालू करून घरी पोचेपर्यंत परत जायची. तुम्ही नेमकं तेच धरलंत. तारांमधून उजेड शोषून पिणारी बाई, तिचं नाव अंधारराणी. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंत, ‘तेजोवीर, भाग दोन’. मग कामं वाटायला लागलात. तेजोवीर ठरलेलाच होता, पाटलांचा गोरागोमटा पोरगा, आमच्या वर्गातला. त्याच्या बहिणीचं काम होतं, तिला एक गाणं होतं आणि शेवटी ओवाळायचं होतं. मी हात वर केला. आजही तो वर्ग डोळ्यांसमोर येतो. खिडकीला तावदान नाही, उन्हाची तिरीप तुमच्या टेबलावर, आणि माझा हात वर. तुम्ही माझ्याकडे बघता आणि हसता. "तू? अगं, तू तर अंधारराणी! तुला काही लावायचीसुद्धा गरज नाही. शाळेचा काजळाचा खर्च वाचला." वर्ग खदाखदा हसतो. तुम्हीही हसता. वाईट मनानं नाही, हे मला तेव्हाही कळलं होतं, आणि त्याचाच जास्त संताप येतो. वाईट मनानं बोलला असतात तर घरी जाऊन चार शिव्या हासडल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

आईला सांगितलं तर ती चुलीपुढून मान वर न करता म्हणाली, "काम बारकं हाय का मोटं?"

"मोठं."

"बोलायचं किती हाय?"

"सगळ्यात जास्त मलाच."

"मग रडती कशापायी? काळी तर तू हायेसच. ते काय लपनार हाय का?"

तालमी शाळा सुटल्यावर व्हायच्या. बाकीच्यांची लवकर उरकायची, मला तुम्ही थांबवून घ्यायचात. तुमच्या घरच्या काकू डबा घेऊन यायच्या आणि पायरीवर बसून राहायच्या, म्हणून आईचीही काही हरकत नसे. एवढं मात्र मी कबूल करते, की तोपर्यंत मला कुणी कधी मोठ्यानं बोल असं म्हणालं नव्हतं. सगळे म्हणायचे गप बस. तुम्ही वर्गाच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसायचात आणि म्हणायचात, "ऐकू येत नाही." मग मैदानात गेलात. "ऐकू येत नाही." मग पार कुंपणाच्या बाभळीपाशी. मी ओरडायला लागले की हात हलवून थांबवायचात. "घसा फाडू नकोस. बेंबीतून काढ." आणि ते हसू! ते तुम्ही स्वतः करून दाखवलंत. आधी पोटात धरून ठेवायचं, बाहेर सोडायचं नाही. मग नाकातून थोडं थोडं गळू द्यायचं, जणू काही आपल्यालाच आवरत नाहीये. आणि मग तोंड उघडायचं आणि सगळं सोडून द्यायचं. तुम्ही हसलात तेव्हा काकूंच्या हातातलं डब्याचं झाकण खाली पडलं. "अहो, काय हे!" म्हणाल्या त्या. मला जमायला बरेच दिवस लागले. जमलं तेव्हा तुम्ही नुसते चष्मा काढून पुसत राहिलात. मला वाटलं, आता सर शाबास म्हणतील. म्हणाला नाहीत.

गॅदरिंगच्या दिवशी ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या एकमेकींना भिडवून स्टेज केलं होतं. काकूंनी त्यांची संक्रांतीची काळी साडी मला नेसवली आणि पुठ्ठ्याचा मुकुट घातला, त्याला सायकलच्या आऱ्या काळ्या रंगवून लावलेल्या. समोर सगळं गाव, बायका एका बाजूला, गडीमाणसं एका बाजूला, पोरं पुढं धुळीत. मी ट्रॉलीच्या कडेला उभी. तुम्ही पाठीवर हात ठेवता आणि ढकलताच जवळजवळ. मी पुढं जाते, हात वर करते आणि म्हणते, "गिळला! गिळला मी तुमचा उजेड!" आणि त्याच क्षणाला, सर, खरीच लाईट गेली. तुम्हाला आठवतंय ना? सगळं गाव काळंठिक्कर. माईक बंद. बायका म्हणाल्या, अगो बया! आधी लोकांना वाटलं ही सरांचीच करामत. मागून तुमचा आवाज आला, दबका, "थांबू नकोस. हस."

मी हसले. पोटात धरलं, नाकातून गळू दिलं आणि मग सोडलं. माईक नव्हता की काही नव्हतं. तो आवाज पाण्याच्या टाकीवर आपटून परत आला, मला माझाच ऐकू आला. पुढं बसलेली दोन-चार पोरं भोकाड पसरून रडायला लागली. कुठूनतरी एक म्हातारा म्हणाला, "आयो, कोनाची हाय ही पोरगी!" मी सगळं भाषण त्या अंधारात म्हटलं, एक शब्द चुकले नाही. माझं तोंड कुणाला दिसत नव्हतं. काळी का गोरी, कुणाला काय कळणार? नुसता आवाज होता, आणि सगळं गाव त्या आवाजापुढं गप्प बसलं होतं, पाटीलसुद्धा. आयुष्यात माझं तेवढं पुन्हा कुणी ऐकलेलं नाही.

मग मंडपवाल्यानं जनरेटर चालू केला. दिवे आले, शिट्ट्या झाल्या, आणि तुमचा तेजोवीर बाकावरून उडत आला. तालमीत आमचं असं ठरलेलं होतं, की त्यानं मंत्र म्हणायचा, माझ्या तोंडापुढून रिकामा हात फिरवायचा, मी कोसळायचं आणि नाटक संपायचं. त्या दिवशी त्याच्या हातात पावडरचा डबा होता. मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं ओंजळ भरून माझ्या तोंडावर मारली. पुन्हा भरली, पुन्हा मारली. डोळ्यांत गेली, नाकात गेली, तोंड उघडं होतं तर घशात गेली. मी खोकतेय, डोळे चोळतेय, काकूंची साडी पांढरी झालीय, आणि सगळी पोरं एका सुरात म्हणतायत, "अंधार गेला, उजेड आला!" जे गाव एवढ्यात माझ्यापुढं गप्प बसलं होतं ते पोट धरून हसत होतं. एकजण ओरडला, "गोरी झाली रं, गोरी झाली! आता लगीन जमंल!" आणि तुम्ही माईक हातात घेऊन गंभीर आवाजात म्हणालात, "ज्ञानाच्या प्रकाशानं काळी रात्रसुद्धा अशी उजळून निघते." टाळ्या. मग बक्षिसं सुरू झाली. आपल्याकडची रीत, ज्याला जे काम आवडलं त्यानं चिठ्ठी पाठवायची आणि माईकवरून पुकारा करायचा. पुकारायला तुम्हीच होतात. अमक्यांकडून अंधारराणीला बक्षीस. तमक्यांकडून अंधारराणीला बक्षीस. चिठ्ठ्या संपेचनात. तेजोवीराला फक्त त्याच्या बापाचं आणि चुलत्याचं आलं. इतक्या वेळा पुकारलंत, पण एकदासुद्धा माझं नाव घेतलं नाहीत. नाव गावाच्या तोंडात बसलं ते तिथं, तुमच्या आवाजात.

स्टेजमागं मी विचारलं, "सर, पावडर कशाला?" तुम्ही आनंदानं नुसते फुलून गेला होतात. "अगं, किती उठावदार झाला शेवट! सांगितलं असतं तर तू आधीच डोळे मिटले असतेस. आणि तुलाही बरं वाटलं असेल की, एकदा तरी गोरी दिसलीस." मग तो मुकुट माझ्या हातात दिलात. "हा तुझा. ठेव." मी घेतला. काय करणार होते? घरी आईनं चुलवणावर पाणी तापवलं आणि न्हाणीत बसवून माझं तोंड धुतलं. खूप घासलं. पावडर घामात मिसळून तिची पेंड झाली होती. आईनं आणखी एक तांब्या ओतला. मग म्हणाली, "तुजं सर लई हुशार हाय, पर येडं हाय." आणि माझं डोकं पदरानं पुसत बसली. मुकुट फळीवर राहिला आणि पुढं उंदरांनी खाल्ला.

आमच्या त्या नाटकाला जिल्ह्याला नंबर आला म्हणे. तुमचा फोटो पेपरात आला, पुढच्या जूनला तुम्ही संस्थेच्या मोठ्या शाळेवर गेलात. चांगलं झालं. मी तिथंच राहिले. आणि लाईट रोज जायची, सर. रोज. लाईट गेली की पारावरून पोरं बोंबलायची, "आली रे अंधारराणी!" मी दळणाला गेले की गिरणीवाला म्हणायचा, "तू लांब थांब बाई, गिरणी बंद पडंल." हसत म्हणायचे सगळे. प्रेमानंच म्हणायचे, असं मला कितीजणांनी समजावलंय! बारावीला होते तेव्हा शेवगावकडचं एक स्थळ बघायला आलं. मुलगा पोस्टात होता. माणसं बसली, पोहे झाले, मी पाटावर खाली मान घालून बसले आणि लाईट गेली. बाहेरून माझाच चुलतभाऊ ओरडला. पाहुण्यांनी विचारलं, काय प्रकार आहे? मग कुणीतरी कौतुकानं सगळी गोष्ट सांगितली, पावडरसकट. पाहुणे खूप हसले. मुलाची आई जाताना एवढंच म्हणाली, "नाटकात कामं करती व्हय?" त्यांचा निरोप आला नाही. आईनं त्यानंतर पुष्कळ दिवस त्या चुलतभावाला घरात पाणी दिलं नाही.

शेवटी लग्न झालं ते पार अकोले तालुक्यातल्या माणसाशी, भंडारदऱ्याच्या अलीकडचं गाव. तिकडं कुणाला काही माहीत नव्हतं. आम्ही नगरला आलो. तो नागापूरला एमआयडीसीत लागला, पोरगी शाळेत जायला लागल्यावर मीही लागले. आता मी लाईनवर सुपरवायझर आहे. प्रेस मशीनच्या धडधडीत बाप्यांचे आवाज बुडतात, माझा पोचतो. नवे साहेब विचारतात, मॅडम, एवढा आवाज आणला कुठून? मी सांगते, गावाकडचा आहे. तुमचं नाव घेत नाही. इथं शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, एसटीच्या बोर्डावर अहिल्यानगर आलं, लोकांच्या जिभेला हळूहळू वळण लागतंय. एवढ्या मोठ्या शहराचं जमतं. पण मी माहेरी एसटीतून उतरले की पाटलांचा तो पोरगा, आता फ्लेक्सवर हात जोडून उभा असतो, तो गाडीची काच खाली करून अजून म्हणतो, "काय अंधारराणी, कधी आलीस?"

हे सगळं मी गिळलं असतं. पण तुमचा सेवापूर्तीचा समारंभ झाला तेव्हा मी आले होते, सर. पोरगी कडेवर होती. जुन्या विद्यार्थ्यांनी दोन शब्द बोलायचे होते, आणि मी रात्रभर मनात घोळवलं होतं, की आज मैदानात, सगळ्यांसमोर, माझ्या खऱ्या नावानं बोलायचं. तुम्ही मला बघितलंत आणि तुमचा चेहरा असा उजळला! माझा हात धरून स्टेजवर नेलंत. माईकवर म्हणालात, "ही आमची अंधारराणी! माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं यश!" टाळ्या झाल्या. मग सूत्रसंचालकानं वाकून विचारलं, "सर, यांचं पूर्ण नाव?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी तुमच्याकडे. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "अहो, अंधारराणीला कशाला हवंय दुसरं नाव!" लोक हसले. मी दोन शब्द बोललेच नाही. खाली उतरले, पोरीला दूध पाजायचंय म्हणाले आणि मिळेल त्या जीपनं निघून आले. नंतर काही वर्षांनी आईचा फोन आला, "तुजं सर गेलं गं. दहाव्याला येती का?" मी म्हणाले, सुट्टी नाही. सुट्टी होती. आले नाही. वाईट वाटून घेऊ नका, असं लिहिणार होते, पण घ्याच. जरा वाटू द्या.

आता हे सगळं आज का उकरून काढतेय, ते सांगते. दिवाळीच्या सुट्टीत पोरीनं हट्ट धरला म्हणून तिला सिनेमाला नेलं. त्या परदेशी उडणाऱ्या हिरोचा दुसरा भाग, हिंदीत बोलतात सगळे. पहिला तिनं मोबाईलवर बघितला होता. मला काय त्यात रस? एसीत झोप काढावी म्हणून गेले. तर त्यात एक बाई होती. ती शहरातलं पाणी प्यायची. नळ कोरडे, नद्या कोरड्या, धरण कोरडं. आपल्या भागातल्या माणसाला तर ते बघूनच धडकी भरते. बाकी नेहमीचंच, इमारती पडतात, गाड्या उलटतात. पण मध्येच ती त्या हिरोला धरते, भिंतीला टेकवते आणि शांतपणे विचारते, "मागच्या वेळी तू शहर वाचवलंस तेव्हा मी त्या पुलावर होते. तू मला बघितलंस आणि पुढं गेलास. माझं नाव सांग, सोडते तुला." आणि हिरोला नाव येत नाही. एवढा मोठा हिरो, त्याचं तोंड असं लहान पोरासारखं झालं. थेटरात पोरं शिट्ट्या मारायला लागली, हिरोला नाही, तिला. सर, मी रडले. तोंडात लाह्या कोंबल्या होत्या आणि रडत होते. पोरीनं अंधारात माझा हात धरला. "आई, घाबरू नको, खोटं असतं ते." शेवटी मारलीच त्यांनी तिला, मारणारच. पण येताना रिक्षात पोरगी हिरोबद्दल एक अक्षर बोलली नाही.

म्हणून परवा तिनं दारातून ओरडून सांगितलं तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही झाली. काल अर्धी सुट्टी टाकली आणि तिच्या शाळेत जाऊन धडकले. तिच्या वर्गशिक्षिका मॅडम तरुण आहेत, माझ्याहून बऱ्याच लहान. मी आवाज चढवला. माझा चढला म्हणजे किती चढतो ते तुम्हाला माहीत आहे. शिपाई आत डोकावला. मी म्हणाले, "काळी आहे म्हणून दिलंत ना? खर्च वाचला ना तुमचा?" त्या बिचाऱ्यांनी खुर्ची पुढं केली. मग म्हणाल्या, "ताई, मी तिला नायिका देत होते. तिनंच भांडून हे घेतलं. तीन मुलींना हे काम हवं होतं, सगळ्यांत चांगलं तिनं करून दाखवलं." खुर्चीवर बसले. पाणी प्यायले. मग विचारलं, "शेवटी काय करता तिचं?" त्या म्हणाल्या, शेवट अजून बसवायचाय. मी म्हणाले, "काही करा, पण तोंडाला पावडर लावायची नाही. आणि बाहेर जाहीर करताना तिचं नाव घ्यायचं. तिचं. आईबापानं ठेवलेलं." त्यांना काही समजलं नसावं, पण समोरच्या कागदावर त्यांनी ते लिहून घेतलं.

घरी पोरीला विचारलं, "अगं, हिरोईन सोडून हे का घेतलंस?" ती म्हणाली, "आई, हिरोईनला काय असतं गं? नुसतं वाचव वाचव ओरडायचं. तिला किती बोलायचंय माहितीय का? आणि सगळे घाबरतात तिला!" मग जरा वेळानं कुरकुरत आली. "पण मला हसायला येत नाही. मॅडम म्हणतात, व्हिलनसारखं हसू येत नाही, खोटं वाटतं. मोबाईलवर बघून केलं, तरी नाही येत." तिनं करून दाखवलं. घसा फाडत होती.

मी विळी ओढली, सर. भाजी चिरत बसले. तिला माझी गोष्ट माहीत नाही, कधी सांगितलेली नाही. मनात म्हणत होते, नको. ते हसू म्हणजे ती पावडर, ते पोहे, तो चुलतभाऊ, ते तुमचं "दुसरं नाव कशाला". ते या घरात आणायचं नाही. ती आरशापुढं उभी राहून पुन्हा पुन्हा करत होती आणि पुन्हा पुन्हा चुकत होती, आणि मला ते चुकलेलं ऐकवेना. शेवटी विळी सरकवली आणि उठले. म्हणाले, "आधी लाईट बंद कर."

"का?"

"बंद कर म्हटलं ना. उजेडात नाही येत मला."

तिनं बटण दाबलं. मी पोटात धरलं. नाकातून थोडं थोडं गळू दिलं. मग तोंड उघडलं. वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं, शेजारच्या वहिनींनी दार वाजवून विचारलं, काय झालं हो? पोरगी अंधारात चाचपडत माझ्याजवळ आली. मग हळूच म्हणाली, "आई, ही तू होतीस?"

काकू अजून तुमच्याच घरात असतात, पत्ता मला माहीत आहे. पण हे वाचून त्या रडतील, त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नाही, म्हणून हे पोस्टात टाकणार नाही. माफ मी तुम्हाला केलेलं नाही, करणारही नाही. फक्त एवढंच, की पोरगी म्हणाली "आता लाईट लावू?" तर मी म्हणाले, थांब जरा, अजून एकदा.